दुपारचे गायन आणि मंदिराचे उघडे दार

पाठासाठी वाचावे : याकोब २:१-९, प्रेषितांची कृत्ये १६:२२-३४, १ करिंथ १४:७-१९



वैशाख चढू लागला म्हणजे नांदेड व लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांत दुपारचे बारा ते तीन हे तास कोणाच्याच उपयोगाचे राहत नाहीत. पहाटे शेतावर गेलेला मनुष्य ऊन होण्यापूर्वी घरी परततो. बाजारास, तहसिलीस किंवा दवाखान्यास आलेला मनुष्य परतीच्या एस.टी.ची वाट पाहत कोठे तरी लिंबाच्या सावलीस टेकतो. नेमक्या त्याच वेळी आपल्या पुष्कळ मंडळ्यांची मंदिरे कुलूपबंद असतात. आत सतरंजी आहे, पेटी आहे, तबला आहे, भिंतींचा गारवा आहे. आणि माणसे बाहेर उन्हात आहेत. उन्हाळ्यापुरते तरी, आठवड्यातून एक दिवस, दुपारच्या भाकरीच्या वेळी मंदिराचे दार उघडून मंडळीने सर्वांसाठी बिनामूल्य गायन करावे काय, आणि केल्यास शास्त्र त्यास कोणता नियम घालून देते, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

ही टूम विलायतेची आहे, आपल्या खेड्यांत तिचे काय काम, असे कोणी म्हणेल. विलायतेत ती आहे खरी. पण तिचा उगम पाहिला तर तो लातूरच्या आडत बाजारापासून फार दूरचा वाटत नाही. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर ल्युबेक नावाचे व्यापारी शहर आहे. सतराव्या शतकात तेथील सावकार व व्यापारी सौद्याची पेठ उघडण्यापूर्वी सेंट मेरीच्या मंदिरात जमत. रिकामा वेळ कसा काढावा हा प्रश्न असे, आणि मंदिराचा वादक फ्रान्झ तुंडर हा त्यांच्यासाठी ऑर्गन वाजवी. १६६८ साली त्याच्या जागी डीट्रिख बुक्स्टेहूड आला. त्याने हा सौद्यापूर्वीचा विरंगुळा वाढवून नाताळाच्या आधीच्या काही रविवारी सायंकाळी मोठे गायन सुरू केले. प्रवेशास दाम नसे. खर्च व्यापाऱ्यांच्या देणग्यांतून चाले, आणि त्या मिळविण्यासाठी बिचाऱ्या बुक्स्टेहूडास पुन्हा पुन्हा विनवण्या कराव्या लागत. मंदिराचे जमाखर्चही तोच ठेवीत असल्यामुळे पैसा किती अपुरा पडतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार! गर्दीत पोरेटोरे दंगा करीत म्हणून शहराचे शिपाई उभे करावे लागत. आपल्याकडील जत्रेतल्या कीर्तनाचा ज्यांस अनुभव आहे त्यांस ह्यात नवल वाटणार नाही.

ह्याच मंदिरात १७०५ साली वीस वर्षांचा एक तरुण वादक सुमारे चारशे किलोमीटर पायी चालत आला. त्याने आपल्या गावच्या मंडळीकडून चार आठवड्यांची रजा घेतली होती, पण तो चार महिने राहिला, आणि परतल्यावर पंचांनी त्याची चांगलीच कानउघाडणी केली. तो योहान सेबास्टियन बाख. रजेच्या बाबतीत आमच्या तरुण वादकांनी त्याचे अनुकरण करावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या गायनास दाम नव्हता ते ऐकण्यासाठी एवढी पायपीट करणारा मनुष्य निघाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यापूर्वीच, १६७२ साली, लंडनात जॉन बॅनिस्टर नावाच्या वादकाने एक शिलिंग घेऊन जाहीर गायन सुरू केले होते. म्हणजे दोन्ही वाटा त्या वेळी उघड्या होत्या. एक दामाची, एक बिनदामाची.

दुपारच्या गायनास खरे वजन आले ते दुसऱ्या महायुद्धात. लंडनातील नॅशनल गॅलरीची चित्रे बाँबच्या भयाने दूर वेल्समध्ये नेली होती आणि दालने ओकी पडली होती. मायरा हेस ह्या पियानोवादक बाईंनी १० ऑक्टोबर १९३९ पासून तेथे भर दुपारी गायन-वादन सुरू केले. कारकून, शिपाई, दुकानांतल्या मुली आपली शिदोरी घेऊन येत. शहरावर बाँब पडत तेव्हा मंडळी तळघरात बसे, पण खंड पडू दिला नाही. १९४६ पर्यंत असे १,६९८ कार्यक्रम झाले. तेथे एक शिलिंग घेत असत. त्याच चौकाच्या कडेस सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स हे मंदिर आहे. युद्धानंतरच्या अनेक दशकांत तेथे दुपारी बिनामूल्य गायन होत आले, आणि ज्यास काही द्यावेसे वाटे त्याने ते आपखुशीने द्यावे अशी रीत राहिली.

परंतु आपणांस इतके दूर जाण्याचे कारण काय? नांदेडास गोदातीरी तख्त सचखंड श्री हुजूर साहिब आहे. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली तेथे देह ठेविला. तेथे शबद-कीर्तन चालते. येणाऱ्यास कोणी जात, गाव वा धर्म विचारीत नाही. लंगरात सर्व एका पंगतीस बसतात, आणि भाकरीचे मोल घेतले जात नाही. लातूर जिल्ह्यात औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन प्रसिद्ध आहे. सत्यशोधकांचे आणि पुढे आंबेडकरी चळवळीचे जलसे ह्यांनीही उघड्या मैदानात, निरक्षर माणसांपर्यंत, गाण्याच्या वाटेनेच विचार नेला. तेव्हा आपल्या शेजाऱ्यास बिनामूल्य गायन म्हणजे काय हे शिकविण्याची आवश्यकता नाही. त्यास नवल वाटेल ते एवढेच, की ख्रिस्ती मंदिराचे दारही दुपारी उघडे आहे.

आणि आपल्या स्वतःच्या घरातही ही परंपरा आहे. अहमदनगरास कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. त्यापूर्वी आपल्या मंडळ्यांत बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेली गीते म्हणत. चाल परकी असली म्हणून ती वाईट असे नव्हे. पण मराठी शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ त्या मापात बसेनात. जेथे दीर्घ हवा तेथे ऱ्हस्व ओढावा, जेथे ऱ्हस्व तेथे दीर्घ दाबावा, आणि ऐकणाऱ्याने अर्थ शोधीत बसावे, असे होई. ओवी व अभंग ह्यांत ती अडचण नाही, कारण ती मापे आपल्या बोलण्यातूनच उपजली. कीर्तनकाराने आधी तत्त्व मांडावे, मग कथा सांगावी, मध्ये मध्ये सर्वांनी ध्रुपद उचलावे. ही घडण गावकऱ्यास जन्मापासून ठाऊक असते. पुढे १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक ह्यांनी ह्या मराठी भजनास जी उंची दिली ती सर्वांस ठाऊक आहे. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही जागा होती. १९१९ साली ते वारले. दरबार फार काळ टिकला नाही. पण मंदिराच्या दारात कोणास किती आत येऊ द्यावे हा प्रश्न त्यांनी आपल्यापुढे ठेविला, आणि तो अद्याप सुटलेला आहे असे आम्हांस वाटत नाही.

आता शास्त्राकडे वळू. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढावा. सभेत दोघे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी व अंगावर झगझगीत वस्त्र, दुसरा दरिद्री व मळकट. पहिल्यास चांगली जागा दाखविली जाते, दुसऱ्यास उभे राहण्यास किंवा पायांपाशी बसण्यास सांगितले जाते. याकोब ह्यास शिष्टाचार म्हणत नाही, तो ह्यास पाप म्हणतो. हा पाठ आम्ही दुपारच्या गायनासाठी का निवडला? कारण रविवारच्या उपासनेत बहुधा आपले आपणच असतो, म्हणून आपली परीक्षा होत नाही. दार सर्वांसाठी उघडले की ती होते. पहिल्या दिवशी सरपंच येतील, त्यांस खुर्ची आणावी काय? बाजारातला हमाल घामाने भिजलेला येईल, त्यास दाराशी बसवावे काय? आणि त्याहून अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. एकाच गावच्या दोन वेगळ्या वस्त्यांतून प्रभूकडे आलेली माणसे पुष्कळ ठिकाणी आजही मंदिरात दोन बाजूंस बसतात. कोणी तसे सांगत नाही, तरी तसे घडते. ज्या अपमानामुळे आपले वाडवडील गावकुसाबाहेर राहिले, तो आपण सतरंजीवर पुन्हा मांडून ठेवितो. पाहुण्यांस बोलाविण्यापूर्वी हे मोडले पाहिजे, नाही तर पाहुणा ते पहिल्याच दिवशी ओळखील. आमची सूचना अशी की खुर्ची एकही ठेवू नये. वृद्ध व आजारी ह्यांच्यासाठी मात्र भिंतीलगत बाक असावा. जो येईल त्याने जागा असेल तेथे बसावे, आणि पाळकाने स्वतः दाराजवळ बसावे.

पाण्याचेही तेच. २०१६ च्या एप्रिलात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. ह्या भागात उन्हाळ्यात एक तांब्या पाणी म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. दाराशी एकच रांजण असावा आणि एकच ओगराळे. आपल्यांसाठी एक व पाहुण्यांसाठी एक अशी व्यवस्था सोयीच्या नावाखालीही करू नये.

दुसरा प्रश्न पुष्कळ उपदेशक विचारतील: लोक जमले आहेत, तर गायन संपताच उपदेश करावा की नाही? ह्यास प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६, उत्तर देतो. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल व सीला ह्यांची पाठ फटक्यांनी सोललेली, पाय खोड्यात, वेळ मध्यरात्रीची. ते गातात, पण कैद्यांना उद्देशून नव्हे. ते देवास गातात आणि कैद्यांच्या कानी ते पडते. भूमिकंप झाल्यावर बंदिशाळेचा नायक स्वतः धावत येऊन प्रश्न विचारितो, आणि मग पौल बोलतो. क्रम पाहावा: आधी गायन, मग ऐकणाऱ्याचा प्रश्न, मग उत्तर. आपण पुष्कळदा मधली पायरी गाळतो. ज्या गायनानंतर दार लावून उपदेश ऐकविला जातो ते बिनामूल्य राहिले नाही. त्याचे मोल अर्ध्या तासाचे बसणे झाले. आमच्या मते गायन संपताच लोकांस मोकळेपणाने जाऊ द्यावे. कोणी थांबून विचारले तर मात्र उपदेशकाने घाईने घरी जाऊ नये. त्या नायकाने पुढे काय केले हेही वाचावे. त्याने त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन जेवू घातले.

करिंथच्या पत्रातील चौदाव्या अध्यायात पौल पावा, वीणा व कर्णा ह्यांचा दृष्टान्त देतो: स्वर स्पष्ट नसेल तर ऐकणाऱ्यास काय कळणार? म्हणून जी भाषा बाजारात चालते तीत गावे. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कानडी जाणणारे येतील. त्यांच्यासाठी एखादे पद त्या भाषेत असावे. शब्द तोंडात न चावता म्हणावेत.

गायकांसाठी थोडे व्यवहाराचे सांगतो. दुपारचा राग सारंग होय. वृंदावनी सारंगात बसविलेले भजन मध्यान्हीस जसे खुलते तसे सकाळच्या भैरवात किंवा सायंकाळच्या यमनात खुलत नाही. तिसरा प्रहर लागला असल्यास भीमपलास घ्यावा. कोरड्या उन्हाने तबल्याची पुडी ताणते व स्वर चढतो; पेटीचा स्वर मात्र ठरलेला असतो, म्हणून गायनापूर्वी तबला निदान अर्धा तास आतल्या गारव्यात ठेवून मग जुळवावा. पेटी उन्हात किंवा पत्र्याखाली राहू देऊ नये, भात्याचे सांधे उकलतात. पेटीच नसेल तर खंत करू नये. ही पेटी मूळची युरोपची, आणि आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला आपल्या दारात येऊ दिले नव्हते, तरी गायन काही बंद पडले नाही. टाळ, डिमडी व चांगला गळा एवढ्यावर पाऊण तास सहज निघतो. पाऊण तासाहून अधिक लांबवू नये. लोकांस गाडी धरावयाची असते. ध्वनिक्षेपक लावू नये, शेजारी निजलेले असतात.

दिवस बाजाराचा निवडावा. गाणारे केवळ आपल्याच मंडळीचे असावेत असेही नाही. दोन-तीन गावांच्या मंडळ्यांनी पाळी वाटून घेतली तर एकावर भार पडत नाही, आणि पंथाची भिंतही तेवढ्यापुरती खाली येते. ताटली फिरवू नये. दाराशी पेटी असली तर असावी, तिच्याकडे बोट दाखवू नये.

हा पाठ घेताना उपदेशकांनी मंडळीस पुढील गोष्टी विचाराव्यात. आपल्या मंदिरात मागल्या वर्षी ख्रिस्ती नसलेला कोण कोण, कोणत्या कारणाने आला, आणि त्यास कोठे बसविले? आपल्यांतील कोण कोणाशेजारी बसत नाही? मंदिराची किल्ली कोणाकडे असते, आणि दुपारी ती मागण्यास गेल्यास मिळेल काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सभेतच घ्यावे, आणि त्या गृहस्थांस सभेस आवर्जून बोलवावे.