1026 नंबरची एंट्री

युद्धस्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? एखादा पुतळा, उंच खांब, नाहीतर दोन तोफा. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम व्हेटरन्स मेमोरियलच्या मूळ डिझाइनमध्ये यातलं काहीच नव्हतं. जमिनीत उतरत जाऊन एका कोनात मिळणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती आणि त्यांवर नावं, बस्स! आणि हे डिझाइन होतं एका विद्यार्थिनीचं.

व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या जॅन स्क्रग्जने 1979 मध्ये या स्मारकासाठी निधी उभारायला सुरुवात केली. जागा सरकारने दिली, पैसा मात्र देणग्यांतून आला. डिझाइनसाठी खुली स्पर्धा ठेवली. 18 वर्षांवरचा कुठलाही अमेरिकन नागरिक भाग घेऊ शकत होता, आर्किटेक्टची डिग्री हवी असं काही नव्हतं. अटी वेगळ्याच होत्या : मृत आणि बेपत्ता अशा सर्वांची नावं आली पाहिजेत, आणि युद्ध बरोबर की चूक यावर स्मारकाने काही बोलायचं नाही. 1421 एंट्रीज आल्या. विमानाच्या हँगरमध्ये त्या मांडल्या, प्रत्येकीवर फक्त नंबर. मे 1981 मध्ये 1026 नंबर जिंकला, तेव्हा कळलं की ही माया लिन, वय 21, येल विद्यापीठात शिकणारी. डिझाइन मुळात वर्गातल्या असाइनमेंटचं होतं आणि तिथे तिला बी ग्रेड मिळाली होती. (इंटर्नलच्या मार्कांवर नाराज असलेल्यांनी नोंद घ्यावी!)

मला मात्र यात सगळ्यात आवडला तो नावांचा क्रम. काही माजी सैनिकांचं म्हणणं होतं की नावं अकारविल्हे लावा, शोधायला सोपं. यादी तपासली तर 600 हून जास्त स्मिथ निघाले! त्यातला आपला कोणता? भिंतीची टेलिफोन डिरेक्टरी झाली असती. लिनचा क्रम मृत्यूच्या तारखेचा होता. सुरुवात मधल्या कोपऱ्यापासून, 1959 ने. तिथून नावं पूर्वेच्या टोकापर्यंत जातात, पश्चिमेच्या टोकापासून पुन्हा सुरू होतात आणि 1975 ला त्याच कोपऱ्यात येऊन संपतात. म्हणजे पहिले आणि शेवटचे शेजारी शेजारी. एकाच दिवशी, एकाच लढाईत गेलेले दोस्तसुद्धा जवळजवळच. मग नाव शोधायचं कसं? जवळ ठेवलेल्या अकारविल्हे पुस्तकात पॅनेल आणि ओळीचा नंबर मिळतो. डेटा एका क्रमाने, इंडेक्स दुसऱ्या. कॉम्प्युटरवाल्यांना जास्त सांगायला नको.

हा ग्रॅनाइट आपल्या बंगलोरकडचा आहे. आरशासारखं पॉलिश असल्यामुळे नाव वाचणाऱ्याला त्या नावामागे स्वतःचा चेहरा दिसतो. पन्नास हजारांवर नावं हाताने कोरत बसलं असतं तर वर्षं लागली असती, म्हणून फोटो-स्टेन्सिल लावून सँडब्लास्टिंगने अक्षरं उठवली. नोव्हेंबर 1982 मध्ये लोकार्पण झालं.

विरोध जोरात झाला. काळा रंग लाजेचा, स्मारक म्हणजे जमिनीतला खड्डा, अशी टीका झाली. लिनच्या चिनी वंशावरूनही लोक बोलले. एंट्रीवर नाव असतं तर ती निवडली गेली असती का? मला शंकाच आहे. शेवटी तडजोड म्हणून जवळच ध्वज आणि तीन सैनिकांचा पुतळा उभारला (1984). पुतळा चांगलाच आहे. पण लोक कागद धरून त्यावर पेन्सिल घासतात आणि नावाचा ठसा घरी नेतात, तो भिंतीवरून.

प्रत्येक नावाशेजारी एक खूण असते. मृत्यूची खात्री असेल तर चौकट, बेपत्ता असेल तर क्रॉस. बेपत्ता सैनिकाचे अवशेष सापडले की क्रॉसवर चौकट कोरतात. आणि तो जिवंत परत आलाच, तर क्रॉसभोवती वर्तुळ कोरायचं असं आधीच ठरवून ठेवलं आहे.