पिल्लाचे तात्पुरते घर

प्राणी-निवाऱ्यातील पिल्लू दत्तक जाईपर्यंत आपल्या घरी सांभाळणे, म्हणजे तात्पुरते पालकत्व. २०१९ च्या कृष्णेच्या महापुरात सांगलीतील मुक्या जनावरांचे हाल आपण पाहिले. एरवीही निवाऱ्यातील गर्दीत पार्व्होसारखा रोग झपाट्याने पसरतो आणि लस अपुरी असलेली पिल्ले दगावतात. विश्रामबागेतील घराचा एक कोपरासुद्धा त्यांना वाचवू शकतो.

घरच्यांची संमती घेऊनच पिल्लू आणावे. दोन आठवडे त्याला घरच्या कुत्र्यापासून वेगळे ठेवावे. पशुवैद्याच्या सल्ल्याने लसी वेळेवर द्याव्यात. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस चुकवू नये. त्याचे खाणे, सवयी, भीती वहीत लिहून ती वही नव्या मालकाला द्यावी.

विद्यार्थी मित्रहो, निरोप देताना मन जड होते. परंतु पिल्लू गेले की कोपरा रिकामा होतो, आणि तेथे दुसरा जीव वाचतो.