माटोळी : आजोबांकडून शिकण्याचा एक पाठ



पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील अनेक घरांत आज सारखेच चित्र दिसते. मूळ घरात आजी-आजोबा राहतात आणि नातवंडे मुंबई, पुणे, बंगळूरला नोकरी करतात. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या पठारावरून विमाने उडू लागली आणि ही शहरे तासा-दीड तासावर आली. तरीही नातू येतो तो बहुधा चवथीलाच. तेव्हाही कार्यालयाचे फोन त्याची पाठ सोडत नाहीत.

कामाचा ताण ही नुसती तक्रार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात त्याची दखल घेतली. अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन दुरावणे आणि कामाचा उरक घटणे, अशी तीन लक्षणे तिने सांगितली. हा आजार नसून कामातून उद्भवणारी अवस्था आहे, असेही स्पष्ट केले. त्यामुळे खरा उपाय कामाच्या जागीच व्हायला हवा. चार दिवसांच्या सुट्टीने तो होत नाही. मग आजोबांच्या घरी या नातवाला काय मिळते?

माटोळीचे उदाहरण घेऊ. गणपतीच्या वर टांगलेल्या लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे शिपटे, तोरिंग, चिबूड, आंबाडे बांधतात. त्यांच्या जोडीला रानातली कांगले, कवंडळ, घागऱ्या आणि माट्टीची फळे येतात. माट्टी हा आपल्या गोव्यातला वृक्ष. त्याच्या फळाला पाच पंख असतात. पुस्तकात हे एका ओळीत वाचता येते, पण तो वृक्ष कोणत्या वाटेवर उभा आहे हे आजोबाच सांगू शकतात.

आजोबांना आता स्टुलावर चढवत नाही आणि नातवाला कोणती वेल कुठे सापडते ते ठाऊक नाही. एकट्याने माटोळी होत नाही. एकाने सांगावे, दुसऱ्याने बांधावे. हे काम घाईने होत नाही आणि त्या वेळी दोन्ही हात गुंतलेले असल्याने फोन आपोआप बाजूला राहतो. आजोबांनाही कुणीतरी आपले ऐकते आहे, याचे समाधान मिळते.

मात्र साधे राहणे म्हणजे सोपे राहणे नव्हे. विहिरीचे पाणी ओढणे, पावसात कुळागर सांभाळणे, दुखणे आले तर दवाखाना गाठणे, हे सारे आजी-आजोबा वर्षभर एकट्याने करतात. चवथीला त्यांच्या घराचे कौतुक करून परतणारा नातू हे पाहत नसेल, तर त्याची भेट अपुरीच म्हणावी लागेल.

माटोळीचे सामान बाजारात विकत मिळते. पैसे देऊन फळ मिळेल, पण त्याचे झाड ओळखता येणार नाही. ही माहिती बहुतांशी जुन्या माणसांच्या तोंडीच आहे. एक पिढी न विचारता गेली की ती तिथेच संपते.

पालकांना विनंती, की चवथीपूर्वी एक दिवस तरी मुलांना आजी-आजोबांसोबत रानात पाठवावे. शाळेच्या विश्वस्तांनी मुलांच्या नोंदवह्या वाचनालयात जपून ठेवाव्यात.

स्वाध्याय

१. माटोळीतील दहा वस्तूंची नावे आजी-आजोबांना विचारून लिहा.
२. त्यांपैकी रानातल्या कोणत्या व बागेतल्या कोणत्या, ते वेगळे करा. काही रानफळे खाण्यास घातक असतात, म्हणून जाणत्याला विचारल्याशिवाय तोंडात घालू नका.
३. वेल मुळासकट न उपटता फळ कसे काढावे, ते पाहून पाच वाक्यांत लिहा.
४. आजी-आजोबांचे एक रोजचे काम आठवडाभर तुम्ही करा आणि अनुभव नोंदवा.