एक पारधी चांगला निघाला, तरी मत का बदलत नाही?

प्रश्न : ओळखीचा फासेपारधी प्रामाणिक असला, तरी लोक म्हणतात, ‘तो वेगळा.’ मग मत बदलतं तरी कसं? – एक वाचक, शेलूबाजार

उत्तर : ‘तो वेगळा’ या दोन शब्दांतच उत्तर दडलंय. अपवादासाठी मन वेगळा कप्पा करतं आणि मूळ समजूत जशीच्या तशी ठेवतं. वेबर आणि क्रॉकर या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवलं, की समजुतीला छेद देणारे गुण दोन-चार माणसांतच एकवटले, तर ती माणसं अपवाद ठरतात. तेच गुण थोडेथोडे अनेकांत दिसले, तर समजूत जास्त बदलते. म्हणून एखाद्याच्या सत्कारापेक्षा रोजचा व्यवहार मोलाचा. आपल्या वाशीम-अकोल्याच्या माळरानांवर ‘संवेदना’ संस्थेसोबत फासेपारधी तणमोर हा पक्षी राखतात. तितराला फास लावताना ज्या नजरेनं गवतातली पायवाट हेरली जायची, तीच नजर आता पक्ष्याचा ठावठिकाणा सांगते. इथे त्यांच्याकडे जाणकार म्हणून पाहावं लागतं. मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये हेच मांडलं होतं : नुसती भेट पुरत नाही, बरोबरीचं नातं आणि समान काम लागतं.

‘पण चोऱ्या होतात, त्याचं काय?’ असं कोणी विचारेल. चोरी करणाऱ्यावर गुन्हा जरूर नोंदवा. पण इतर जातीतला चोर पकडला, तर त्याची अख्खी जात आपण चोर ठरवत नाही. पारध्यांसारख्या अख्ख्या जमातींवरचा हा शिक्का 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पक्का केला. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, शिक्का राहिला. तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘तो वेगळा’ म्हणालं, की एवढंच विचारा : बाकीच्यांपैकी किती जणांना तुम्ही ओळखता?