परिषदेहून परतलेला मार्गदर्शक

शाळेत संगणक बसविणे सोपे. गणिताच्या किंवा इतिहासाच्या तासाला त्याचा नेमका उपयोग काय करावयाचा, हे ठरविणे कठीण. अमेरिकेतील अनेक शालेय जिल्ह्यांनी या कामासाठी स्वतंत्र पद निर्माण केले आहे. तेथे त्यास ‘टेक्नॉलॉजी कोच’ म्हणतात. आपण शैक्षणिक तंत्रज्ञान मार्गदर्शक म्हणू. शिक्षकासमवेत बसून पाठाची आखणी करणे, प्रसंगी त्याच्या वर्गात जाऊन तो पाठ मिळून घेणे व नंतर त्यावर चर्चा करणे, हे त्याचे काम. यंत्रे दुरुस्त करणे अथवा शेरे लिहिणे ही त्याची जबाबदारी नव्हे. अर्थात यंत्र अडले की सर्वप्रथम हाक त्यालाच जाते!

या पदावरील व्यक्ती बहुधा एकाकी असते. शाळेत गणिताचे शिक्षक अनेक, मार्गदर्शक मात्र एकच. कित्येकदा दोन-तीन शाळा मिळून एक. इतरांना शिकविणाऱ्या या माणसाने स्वतः कोणाकडून शिकावे? व्यावसायिक परिषदेचे प्रयोजन येथे निर्माण होते.

या क्षेत्रातील एक जुनी परिषद १९७९ साली आयोवा राज्यात प्रथम भरली. २०१० पासून ती ‘इंटरनॅशनल सोसायटी फॉर टेक्नॉलॉजी इन एज्युकेशन’, म्हणजेच ‘इस्टी’, या संस्थेच्या नावाने ओळखली जाते. २०१९ मध्ये फिलाडेल्फिया, २०२४ मध्ये डेन्व्हर, २०२५ मध्ये सॅन अँटोनियो अशी तिची स्थळे बदलत असतात. हजारो शिक्षक तेथे जमतात.

नवख्याचे पाय प्रथम प्रदर्शनाच्या दालनाकडे वळतात. कंपन्यांची माहितीपत्रके घेता घेता पिशवी भरते. जाणता मार्गदर्शक तेथे प्रश्न घेऊन जातो. इंटरनेट बंद पडल्यास हे साधन चालेल काय? मुलांची माहिती कोठे साठविली जाते? विनामूल्य मुदत संपल्यावर किंमत किती? खरेदीचा पैसा जनतेचा असल्याने या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या दृष्टीने मोलाची ठरतात.

त्याहून अधिक लाभ भित्तिपत्रकांच्या दालनात होतो. शिक्षक, काही वेळा त्यांचे विद्यार्थीही, एकेका मेजाशी उभे राहून आपला प्रयोग समजावून देतात. व्यासपीठावरून सहसा यशच सांगितले जाते. येथे मात्र ‘काय फसले?’ असे विचारता येते आणि बहुधा मोकळे उत्तर मिळते. आपल्यासारख्याच अडचणींतून जाणारा दुसरा मार्गदर्शक भेटतो, पत्ते दिले-घेतले जातात. २०२० व २०२१ मध्ये महामारीमुळे ही परिषद दूरस्थ पद्धतीने झाली. व्याख्याने पडद्यावरून घरबसल्या ऐकता आली. मेजाशी उभे राहून होणारी गोष्ट मात्र तशी घडविणे कठीणच.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी लागते. ब्रूस जॉईस व बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकन अभ्यासकांनी १९८० च्या सुमारास शिक्षक-प्रशिक्षणाची छाननी केली. केवळ व्याख्यान व प्रात्यक्षिक झाले तर नवे कौशल्य वर्गापर्यंत क्वचितच पोहोचते. वर्गात सोबत करणारा कोणी असेल तर ते रुजते, असे त्यांनी दाखविले. मार्गदर्शकाच्या पदाला मोठा आधार मिळाला तो याच विचाराचा. परंतु तोच मार्गदर्शक परिषदेत तीन-चार दिवस व्याख्याने ऐकतो, तेव्हा वरील निष्कर्ष त्यालाही लागू पडतो! परतल्यावर त्याने वीस साधनांची यादी शिक्षकांपुढे ठेवली, तर प्रवासखर्च वाया गेला असे आमचे स्पष्ट मत आहे. एकच गोष्ट निवडून, एका तयार शिक्षकाच्या वर्गात ती पंधरवड्याच्या आत करून पाहिली, तर शाळेला काही मिळाले असे म्हणता येईल.

मोठ्या परिषदेचे शुल्क व प्रवास सर्वांना झेपत नाही. २०१० साली फिलाडेल्फिया येथे काही शिक्षकांनी ‘एडकॅम्प’ हा मेळावा भरविला. तेथे आगाऊ कार्यक्रमपत्रिका नसते. विषय त्याच सकाळी फळ्यावर लिहिले जातात आणि कंटाळा आल्यास उठून दुसऱ्या खोलीत जाण्याची मुभा असते.

महाराष्ट्रात केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेच्या निमित्ताने परिसरातील जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक एकत्र येतात. दुपारच्या चहाच्या वेळी एखादी शिक्षिका आपल्या मोबाइलवर तयार केलेला पाठ शेजारच्या गावच्या गुरुजींना दाखविते. पुढच्या आठवड्यात तिला त्यांच्या वर्गात तासभर जाता यावे, एवढी सवलत केंद्रप्रमुखांनी दिली, तर त्या पाठाचे पुढे काय होते हे दोघांनाही पाहता येईल.