प्रकाशाच्या आज्ञेतील यीस्ट

पीठ आंबते किंवा मद्य तयार होते, ते सूक्ष्मजीवांमुळे. यीस्ट साखरेपासून मद्यार्क बनविते आणि त्याबरोबरच स्वतः वाढते. याच यीस्टकडून आयसोब्युटेनॉल हे इंधनोपयोगी द्रव्य मिळवावयाचे झाल्यास मात्र पेच पडतो. मद्यार्काचा मार्ग बंद केला तर यीस्टची वाढ खुंटते. खुला ठेवला तर साखर त्याच वाटेने खर्ची पडते.

अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली यावरील उपाय प्रसिद्ध केला. एका सागरी जीवाणूत निळा प्रकाश ओळखणारे प्रथिन असते. त्याचे जनुक त्यांनी यीस्टमध्ये घातले. निळ्या प्रकाशात मद्यार्काचा मार्ग चालू राहून पेशी वाढतात. अंधार होताच तो बंद पडतो व आयसोब्युटेनॉलची निर्मिती सुरू होते. या काळात अधूनमधून थोडा प्रकाश दिल्यास उत्पादन अधिक येते. अशा रीतीने दर लिटरमागे सुमारे ८.५ ग्रॅम आयसोब्युटेनॉल मिळाले.

जनुके चालू करण्यासाठी मिसळलेले रसायन पुन्हा काढून घेणे अवघड असते. दिवा मात्र हवा तेव्हा लावता व मालवता येतो. दाट द्रवात प्रकाश खोलवर शिरत नाही, ही या पद्धतीची मर्यादा होय. म्हणून टाकी जितकी मोठी, तितका प्रकाशयोजनेचा विचार अधिक काळजीपूर्वक करावा लागतो.