मूलपेशींची किमया

(प्रस्तुत पाठात शिन्या यामानाका या जपानी शास्त्रज्ञांच्या शोधाची आणि रोगांच्या अभ्यासात त्याचा कसा उपयोग होतो याची माहिती दिली आहे.)

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्वचेची पेशी वेगळी, रक्ताची वेगळी आणि मेंदूची वेगळी. परंतु गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात असा फरक नसतो. त्या वेळच्या पेशींपासून शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी तयार होऊ शकते. अशा पेशींना मूलपेशी म्हणतात. एकदा पेशी त्वचेची झाली, की ती पुन्हा मूलपेशी होत नाही, असे पूर्वी मानले जाई. १९६२ साली इंग्लंडच्या जॉन गर्डन यांनी बेडकावरील प्रयोगांतून या समजुतीला धक्का दिला.

योगायोग असा, की त्याच वर्षी जपानमधील ओसाका येथे शिन्या यामानाका यांचा जन्म झाला. मोठेपणी ते हाडांचे डॉक्टर झाले. पण शस्त्रक्रिया करताना त्यांचा हात सावकाश चाले. सोबतचे डॉक्टर त्यांना 'जामानाका' म्हणून चिडवत. जपानी भाषेत 'जामा' म्हणजे अडथळा! याच सुमारास त्यांचे वडील यकृताच्या आजाराने वारले. मुलगा डॉक्टर असूनही त्यांना वाचवू शकला नाही. ज्या रोगांवर इलाज नाही, त्यांचे मूळ शोधलेच पाहिजे, असे यामानाकांना वाटले. ते संशोधनाकडे वळले.

क्योटो विद्यापीठात यामानाका आणि त्यांचे सहकारी ताकाहाशी यांनी २४ जनुके निवडली. ती सर्व उंदराच्या त्वचेच्या पेशींत घातली, तेव्हा काही पेशी मूलपेशींसारख्या झाल्या. मग एकेक जनुक वगळून त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयोग केले. शेवटी फक्त चार जनुके पुरेशी ठरली. हा शोध २००६ साली जगापुढे आला. २००७ साली माणसाच्या पेशींवरही हा प्रयोग यशस्वी झाला. २०१२ मध्ये गर्डन आणि यामानाका यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधाचा रोग्यांना काय उपयोग? 'ए.एल.एस.' नावाचा एक भयंकर आजार आहे. त्यात स्नायूंना हालचालीचा संदेश देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात. रोग्याचे हातपाय निकामी होतात; पुढे श्वास घेणेही कठीण होते. पण जिवंत माणसाच्या चेतापेशी कापून कशा तपासणार? २००८ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी हा आजार झालेल्या ८२ वर्षांच्या एका वृद्धेच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेतला. त्यातील पेशींपासून मूलपेशी आणि मूलपेशींपासून चेतापेशी तयार केल्या. आता रोग्याला इजा न करता त्याच्याच चेतापेशी काचेच्या बशीत पाहता येऊ लागल्या.

अशा पेशींवर औषधेही तपासता येतात. एका दुर्मीळ आजारात स्नायूंच्या जागी हाड तयार होऊ लागते. क्योटोमध्ये अशा रोग्यांच्या पेशींवर अनेक औषधे तपासली गेली. त्यांतून निवडलेल्या एका औषधाची चाचणी २०१७ साली रोग्यांवर सुरू झाली.

अर्थात, बशीतील पेशी म्हणजे संपूर्ण शरीर नव्हे. बशीत गुणकारी ठरलेले औषध माणसाला लागू पडेलच असे नाही. म्हणून शास्त्रज्ञांना धीर धरावा लागतो. वडिलांसाठी काही करू न शकलेल्या मुलाने मात्र असंख्य रोग्यांसाठी आशेचे दार उघडले.

शब्दार्थ

किमया – जादू, करामत
यकृत – जिगर
इजा – दुखापत, जखम
दुर्मीळ – क्वचित आढळणारा
गुणकारी – फायदा करणारे

स्वाध्याय

१. मूलपेशी कशाला म्हणतात?
२. यामानाका संशोधनाकडे का वळले?
३. चार जनुके पुरेशी आहेत, हे कसे समजले?
४. ए.एल.एस.च्या अभ्यासात त्वचेच्या पेशींचा उपयोग कसा झाला?
५. वाक्यात उपयोग करा : धक्का देणे, धीर धरणे, लागू पडणे.